मान वळवून घेतलेली भेट

सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी बाई, असं लोकांना वाटतं. इंजेक्शन द्यायला वेळ तो कितीसा लागतो? सरकारी दवाखान्यात माझं आयुष्य गेलं ते वॉर्डाच्या दारात. पेशंटला सांभाळणं सोपं असतं, तो बिचारा पडून असतो. त्याला पाहायला येणारे मात्र दोन्ही पायांवर उभे असतात आणि त्यांना कोणतंच औषध लागू पडत नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात बिमार माणसाला पाहायला जाणं हे लग्नाला जाण्यापेक्षा मोठं काम. लग्नाला नाही गेलात तर लोक विसरतात. दवाखान्यात नाही गेलात तर ते वर्षानुवर्षं टिकतं आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात बरोबर बाहेर निघतं, "मी मरून राहिलो होतो, तवा तू आलता का रे पाहाले?" म्हणून माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात. हातात बिस्किटचा पुडा, पिशवीत केळी. पेशंटला साखरेचा आजार असला तरी उशाशी बिस्किटांची भिंत उभी राहते. मग खाटेवर टेकून एक जण सांगायला लागतो की त्याच्या मोठ्या साळ्यालाही हेच झालं होतं आणि तो कसा गेला. एकदा एका बाईनं पेशंटच्या पायाशी बसून असा सूर लावला की शेजारच्या खाटेवरच्यानं मला हाक मारली, "सिस्टर, थो गेला का जी?" पेशंटनंच उत्तर दिलं, "नाही गा, आहो न अजून."

नोकरीची शेवटची वर्षं माझ्याकडे आयसोलेशन वॉर्ड होता. बाहेरच्यांसाठी सांगते, आयसोलेशन म्हणजे लागणारा आजार असलेल्यांना वेगळं ठेवायची खोली. तिथं भेटीची वेळच नसते. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत झाकून जायचं, बाहेर येताना ते सगळं काढून हात धुवायचे. कोरोनाच्या पहिल्या लाटांमध्ये हेच दार मी राखलं होतं. तेव्हाचं मी फारसं बोलत नाही. किती तरी माणसं कोणाचं तोंड न पाहता गेली आणि बाहेर त्यांची लेकरं माझ्याकडे पाहत उभी होती. नियम बरोबर होता, तरी अजून जीव तुटतो.

म्हणून काही वर्षांनी, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, आटोपल्या आणि टीव्हीवर "नव्या व्हेरिएंटचे रुग्ण रुग्णालयात" अशी पट्टी फिरायला लागली, तेव्हा मी आधी जाऊन त्या दाराचं कुलूप तपासलं. ती धास्ती फार दिवस टिकली नाही. विषाणू अधूनमधून कपडे बदलतो, त्याला व्हेरिएंट म्हणतात. या वेळचा कपडा बराच साधा निघाला. ताप, घसा, खोकला, अंगदुखी. पण रुग्ण आमच्या वॉर्डात दाखल झाले ही बातमी गावात पोचली आणि आजारापेक्षा बातमीच जास्त पसरली.

गर्दी टाळा, असं सगळीकडे सांगत होते. ते ऐकून लोक घाबरले आणि नागऱ्याच्या महादेवाला साकडं घालायला गर्दी करून गेले. ओपीडीत एक जण नुसता खोकला घेऊन आला आणि डॉक्टरांना म्हणाला, "मले कोनता हाय थे सांगा. जुना असन त घरी जातो." दुसऱ्या एका किराणावाल्या शेठजींना साधी सर्दी निघाली, तर ते नाराज झाले. "अच्छे से देखिए, नयावाला होगा," असं दोनदा बजावून गेले. इतक्या मोठ्या माणसाला साधी सर्दी कशी होईल?

मी फुलचूरला राहते. शेजारच्या शर्माभाभी एरवी माझ्याकडून बी.पी. मोजून घ्यायला पदर खोचून तयार. त्या कंपाउंडच्या पलीकडून ओरडल्या, "दीदी, बुरा मत मानना, पर आपके कपड़े उस तरफ सुखाओ ना. हवा इधर की है." मी म्हटलं, "भाभी, हवेला मीच सांगू का?" दुसऱ्या दिवशी पाहते तर भाभींनीच आपले कपडे घरात वाळत घातलेले. भाजीबाजारात मात्र मजा झाली. मी पांढऱ्या ड्रेसमध्ये स्कूटीवरून उतरले की रांग आपोआप दुभंगायची. मेथी, वांगी, टमाटर, सगळं पहिल्या नंबरानं. आमचे हे म्हणाले, "गॅसच्या लाइनीतही ड्रेस घालून जाशील का?" मी गेले. लाज कशाची? इतकी वर्षं नोकरी केली, एवढा तरी फायदा पाहिजे.

दवाखान्यातही पळापळ झाली. आयसोलेशनच्या समोर, व्हरांड्याच्या उजव्या हाताला हाडांचा वॉर्ड आहे. नवा व्हेरिएंट समोर येऊन बसलाय हे कळल्यावर तिथले चालू शकणारे सगळे पेशंट सुट्टी मागून घरी गेले. न चालू शकणारेही काही गेले. ते कसे गेले, हे त्या वॉर्डाच्या सिस्टरलाही सांगता आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या वॉर्डात एक सोमाजी होते, नवेगाव बांधकडचे; बांध म्हणजे तिथला मोठा तलाव. धानाची शेती, घरी बायको पारबताबाई आणि लग्नाची पोरगी रेखा. ताप दोनच दिवसांत उतरला होता, पण वय होतं, दम्याची खोड होती, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं. पारबताबाईंची तपासणी चांगली निघाली. त्या आवारातल्या कडुनिंबाखाली चटई टाकून बसायच्या आणि खिडकीच्या काचेतून नवऱ्याशी फोनवर भांडायच्या. सोमाजींना जेवण नको, गोळ्या नकोत. रोज मी आत गेले की एकच प्रश्न.

"सिस्टरबाई, कोनी आलता का?"

कोणी येत नव्हतं. ज्या गावातून ट्रॉल्या भरून माणसं यायची, त्या गावानं सोमाजींची गल्लीच बंद करून टाकली होती. सख्खा भाऊ फोनवर म्हणाला की बैलाचा पाय मुरगळला. सोमाजी मला म्हणाले, "बैल माह्याच गोठ्यात हाय. त्याले काई झालं नाही."

भावाचं ते गिळायला तयार होते. खरा घोर वेगळाच होता. रेखाचं लग्न नुकतंच ठरलं होतं, नागऱ्याजवळच्या एका गावात. मुलाचे वडील डोमाजी. मधले गृहस्थ म्हणजे रेखाचे मामा. डोमाजी आणि सोमाजी एकमेकांना एकदाच भेटले होते, तेही मंडईच्या गर्दीत, भोंगे वाजत असताना. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, व्हायचं होतं. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. होणारा इवाई बिमार पडला आणि दुसरा त्याला पाहायला आला नाही, तर त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. सोयरीक मोडली, एवढं समजून घ्यायचं.

"दरवाजा बंद आहे हो," मी म्हणायची. "कोणी आलं तरी मी आत सोडणार नाही."

"सोडू नका न बाई. पन येऊन वापस गेला, एवढं त सांगता येईन न तुमाले?"

ते मला सांगता येत नव्हतं. खिडकीपलीकडे रेखा कधी कधी आईशेजारी बसलेली दिसायची. मुलगा तिला पसंत होता, हे तिच्या फोनकडे पाहण्यावरून माझ्यासारख्या म्हातारीलाही कळत होतं.

एका सकाळी ड्यूटीवर आले, तर खिडकीपाशी दंगा चालू. पारबताबाई काचेवर हात आपटत होत्या. "कोनाले इचारून कबूल केले तुमी? गोंदियाचा बँड? दुसऱ्या दिवशी साऱ्या वऱ्हाडाले बांधाची मासोळी? अना जिलेबी बी, बुंदी बी?"

आतून सोमाजी, "मी? मी कोनाले कबूल केलो?"

"इवायाले! थो आलता न काल. तुमच्या खाटीपाशी बसला, बिस्किटं देल्लन. मामानं सांगतलन सारं. म्हने, इवाई भल्ला देवमानूस, सगळ्याले हाव म्हनलन."

सोमाजींचं तोंड लाल झालं. मला वाटलं ताप चढला, तर तो राग होता. "सिस्टरबाई, तुमीच सांगा, काल कोनी आलता?" मी म्हटलं, माझ्या दारातून माशी आत गेली नाही. "आयकला? आला नाही त नाही, वरून खोटं बोलून राहिला! मासोळी खाते म्हने! सांगून दे मामाले, सोयरीक मोडली. खोट्याच्या घरी माही पोरगी जाणार नाही."

रेखा कडुनिंबाला टेकून उभी होती. तिनं ओढणी तोंडात धरली आणि पाठ फिरवली.

त्यातच मेट्रननं मला बोलावून घेतलं. बाहेरचा माणूस आयसोलेशनमध्ये जाऊन खाटेवर बसून आला, असं तिच्या कानावर गेलं होतं. ही बातमी बाहेर फुटली तर काय, म्हणाली. निवृत्तीच्या तोंडावर माझ्या दाराची बेइज्जती! डोमाजी खोटं बोलतो, हे मला मानायचं होतं. पण बिस्किटं दिली, जिलेबी ठरली, बँड ठरला, एवढं बारीक खोटं कोणी कशाला बोलेल? शिवाय सोमाजी हाव, म्हणजे हो, म्हणणारे नव्हतेच. गोळी घ्या म्हटलं तर काऊन, पाणी प्या म्हटलं तर कायले.

मी गेटवरच्या चौकीदाराला गाठलं. त्यानं बातमी आल्यापासून आपली खुर्ची गेटच्या बाहेर, रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली होती. तो म्हणाला, "एक आया था मैडम. हेलमेट, गमछा, ऊपर से रेनकोट. पूछा, नवी बिमारीवाला पेशंट किधर है. मैंने यहीं से डंडा दिखा दिया, उधर, आखरी में।"

आखरीला व्हरांडा संपतो. डावीकडे माझं दार, कुलूपबंद. उजवीकडे हाडांचा वॉर्ड, सताड उघडा.

मी तिकडं गेले. रिकाम्या खाटांच्या रांगेत शेवटच्या कोपऱ्यात एकच पेशंट उरला होता. बिसाहू. मूळचा छत्तीसगडकडचा, जन्मभर इथल्या राईस मिलमध्ये पोती वाहिलेला. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला दोरी बांधून खाली वजन लटकवलेलं. तोंडाला मास्क, कारण त्या दिवसांत सगळ्यांनाच सक्ती होती. उशाशी बिस्किटचे पुडे आणि केळी.

"बिसाहू, ही बिस्किटं कोणी आणली?"

त्याचे डोळे चमकले. "इवाई आलते, सिस्टर."

"तुला मुलगी आहे का?"

"नाही जी."

"मग इवाई कुठला?"

बिसाहूनं जरा विचार केला. "थे मले नाही मालूम. आले, कुर्सी घेऊन बसले, तबियत पुसले. म्हने घाबरू नका, आपलं ठरलं थे ठरलं. मग पुसले, बँड सांगाचा का? मी म्हनलो हाव जी. मासोळी होईन का? हाव जी. जिलेबी का बुंदी? मी म्हनलो, दोनी."

"अरे, मी तो नव्हेच, असं का नाही सांगितलंस?"

त्यानं बिस्किटचा पुडा जवळ ओढला. मग म्हणाला, "सिस्टर, पाय मोडला तवापासून पडून आहो. मले पाहाले कोनीच नाही आला. एक मानूस आला त त्याले जा म्हनू का?"

मी त्याची उशी नीट केली. नीटच होती, तरी केली.

आता डोमाजींना आणणं आलं. मामांना फोन करून मी सरळ सांगितलं की काल झालेली भेट चुकली, उद्या इवायाला खिडकीपाशी उभा करा, नाहीतर सोयरीक विसरा. दुसऱ्या दिवशी मामांबरोबर डोमाजी आले. हेल्मेट, गमछा, रेनकोट, आणि आकाशात ढगाचा ठिपका नाही. येऊन खिडकीकडे पाठ करून कडुनिंबाशी बोलायला लागले.

"राम राम जी इवाई. तबियत बरी हाय न?"

खिडकी मी वरून जराशी उघडून ठेवली होती, आवाज जाण्यापुरती. आत सोमाजींनी हाताची घडी घातली. पारबताबाई पदरानं डोळे पुसत होत्या. रेखा आईच्या मागे.

मला राहवलं नाही. "अहो, मधे काच आहे, चार हात अंतर आहे. इकडे बघा ना जरा! परवासुद्धा असंच केलंत का?"

"हाव बाई," डोमाजी कडुनिंबाला म्हणाले. "श्वास नाही लागला पायजे न. म्हनून भिंतीकडे पाहून बोललो साऱ्या वेळ."

"आणि पायाला दोरीनं वजन लटकत होतं, ते दिसलं नाही?"

"दिसला न. म्हनलो नवी बिमारी, नवा इलाज असन."

मामा हसायला लागले. मी डोमाजींचा रेनकोट धरून त्यांना फिरवलं. त्यांनी हेल्मेटची काच वर केली, सोमाजींकडे नीट पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

"हे त थे नाही!"

मी झालेला घोळ सांगितला. डोमाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "मंग थे पयलेवाले इवाई कोठी हायत? थे भल्ले चांगले होते. सगळ्याले हाव म्हनलन."

खिडकीतून सोमाजी कडाडले, "मी एकालेही हाव नाही म्हनलो!"

"थेच त सांगून राहिलो मी बी!"

झालं, मला वाटलं, आता काचेवर दगड बसणार. पण सोमाजी एकदम थांबले. काचेला नाक लावून त्यांनी डोमाजींना खालपासून वरपर्यंत पाहिलं, त्या रेनकोटासकट.

"परवा तुमी खरंच अंदर आलते?"

"आलो न."

"ह्या दवाखान्यात? बिमारी हाय म्हनून मालूम असून?"

"हाव."

"भेव नाही लागला?"

डोमाजींनी गमछा खाली ओढला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दिसला. घामानं भिजलेला. "लागला न इवाई. घरची रडून राहिली होती, नोका जाऊ म्हनून. रस्त्यात दोनदा गाडी वापस फिरवलो. पन मंडईत तुमाले शब्द देऊन आलो होतो. तुमी एकटे पडून राहाल अना मी घरी भात खाईन, थे जमला नाही मले. मान वळवून बसलो, पन बसलो."

सोमाजी काचेला हात लावून उभे राहिले. "माहा भाऊ नाही आला जी," एवढंच म्हणाले. मग नाक ओढून, घसा खाकरून, त्यांनी शेतकऱ्यासारखा मुद्द्याला हात घातला, "मासोळी देईन. बांधाची, ताजी. पन बँड नाही."

"बँड कबूल झाला हाय."

"मी नाही केलो."

"केलन त हाय न कोनीतरी!"

अर्धा तास ते काचेतून ओरडत राहिले. बँड गावचाच घ्यायचं ठरलं, जिलेबी राहिली, बुंदी गेली. डोमाजींना घाम असह्य झाल्यावर त्यांनी रेनकोट काढून कडुनिंबाला टांगला. रेखा आत्तापर्यंत जमिनीकडे पाहत होती. बुंदी गेल्याचं ऐकून ती हसली आणि आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मेट्रन आवाज ऐकून आली. तिला मी सांगितलं की माझ्या दारातून कोणीही आत गेलेलं नाही, हवं तर समोरच्या वॉर्डात विचारा. ती विचारायला गेली नाही.

सोमाजींना सुट्टी झाली तेव्हा टेम्पो गेटवर उभा होता. पारबताबाई घाई करत होत्या. सोमाजी म्हणाले, "थांब, एक काम राहिला." कँटीनमधून बिस्किटं घेऊन ते हाडांच्या वॉर्डात गेले. बिसाहूसमोर खुर्ची ओढली आणि मास्क लावून, पण त्याच्या तोंडाकडे सरळ पाहत बसले.

"तुमी शब्द देऊन ठेवला माह्या नावानं," सोमाजी म्हणाले.

बिसाहू घाबरला. "गलती झाली मालक."

"झाली न. मासोळी महागात पडली मले. आता लग्नाले या लागते. शब्द देऊन मानूस घरी बसते का?"

लग्न उन्हाळ्यात झालं. मीही गेले, तोवर निवृत्त झाले होते. आमच्या भागातले लोक व्हेरिएंटचं नावसुद्धा विसरले होते. ज्या भावाच्या बैलाचा पाय मुरगळला होता, तो मांडवात सगळ्यांत पुढे. बिसाहू कुबड्या घेऊन आला होता, इस्तरी केलेला शर्ट, डोक्याला टोपी. तो खुर्चीवर बसून राहायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी मासोळीच्या पंगतीत तर कुबडीवर उभा राहून वाढणाऱ्यांवर ओरडत होता, "उधर दो, वऱ्हाडाले पहिले! जबान दिया है!" रश्श्याचं पातेलं कुठं थांबायचं आणि कुठं वळायचं, हे त्या दिवशी सोमाजी नाही, तोच ठरवत होता. रेखा निघताना आईबापाच्या पाया पडून झाल्यावर त्याच्याही पाया पडली. तेव्हा मात्र कुबडी त्याच्या हातातून निसटली. ती डोमाजींनी उचलून दिली.

वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं डोमाजींना कोपरानं ढोसलं. "हे कोन जी? पोरीचे कोन लागतात?"

"हे बी इवाईच," डोमाजी म्हणाले. "पयला होकार त याईनंच देल्ला."